मंत्री न आल्यास बातमी कशी व्हावी?

एप्रिल २०११ मध्ये जयराम रमेश यांनी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक दिले. एका खेड्याचा व्यापार देशभर छापून आला. जाहिरातीचा पैसा लागला नाही. पण मंत्री रोज येत नाहीत. एखाद्या ग्रामसभेने संकेतस्थळ काढले तरी परगावचा खरेदीदार तेथे पोहोचावा कसा? तो न आल्यास भाव गावातलाच व्यापारी ठरवितो. तालुक्याच्या वार्ताहराकडे अनेकदा जाहिराती मिळविण्याचेही काम असते. बातमी घेऊन जाणाऱ्याला तो दरपत्रक दाखवितो. (बिचाऱ्याचे पोटही त्यावरच!) तेथे कौतुक मागू नये. बांबूची संख्या, लिलावाची तारीख, आलेला भाव, वाटलेली मजुरी यांचा लेखी हिशेब द्यावा. ठेकेदाराने असा हिशेब गावापुढे कधी मांडला होता? संकेतस्थळाचा पत्ता शेवटच्या ओळीत पुरे.