आधी यतीम करायचं, मग तिकीट लावायचं

सिंहाचा छावा मांडीवर घेऊन काढलेला फोटो आता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर नवा राहिलेला नाही. दक्षिण आफ्रिकेची सहल करून आलेले शेजारी, नातेवाईक, सहकारी तो हौसेने टाकतात. खाली ‘माशाअल्लाह’, ‘काय हिंमत आहे’ असे शेरे पडतात. मी मात्र एकच प्रश्न विचारतो. या पिल्लाची आई कुठे होती?

उत्तर ठरलेलं असतं. ‘सर, ते अनाथ होतं. पार्कवाल्यांनीच सांगितलं.’

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. शब्द तोलून पाहणं हा माझा रोजचा धंदा आहे. अनाथाला उर्दूत यतीम म्हणतात आणि मुसलमान घरात हा शब्द कुणी सहज तोंडातून काढत नाही. यतीमाचा माल खाणाऱ्याला कुराणाने पोटात आग भरणारा म्हटलं आहे. म्हणूनच या धंद्याची मला जास्त चीड येते. इथे पिल्लाला आधी यतीम केलं जातं आणि मग त्याच्या यतीमपणावर तिकीट लावलं जातं.

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या. रानातली सिंहीण साधारण दोन वर्षांनी एकदा विते, कारण तेवढा काळ ती आधीच्या पिल्लांना सांभाळते, शिकार शिकवते. पिंजऱ्यातल्या सिंहिणीची पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच काढून घेतली जातात. पिल्लं गेली की ती लवकर माजावर येते. गाभण राहण्याचा काळ जेमतेम साडेतीन महिने. म्हणजे वर्षाला एकाहून अधिक वेतं घेता येतात. इकडे पिल्लं बाटलीवर वाढतात. कितीतरी ठिकाणी परदेशातून आलेली तरुण मुलं पदरचे पैसे भरून, ‘अनाथांची सेवा’ समजून त्यांना दूध पाजतात.

पिल्लू काही महिन्यांचं होईपर्यंत ते मांडीवर बसवण्याच्या कामाचं. मोठं झालं की ‘सिंहासोबत चाला’ या तिकिटाचं. दीड-दोन वर्षांनी तेही धोक्याचं होतं. पुढे काय? सहलीतला कुणी हे विचारत नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह रानात सोडता येत नाही. त्याला माणसाची भीती राहिलेली नसते आणि कळपात राहणं तो शिकलेलाच नसतो. मग अनेकांची रवानगी कुंपणाच्या आत शिकार करू देणाऱ्यांकडे होते. इंग्रजीत याला कॅन्ड हंटिंग म्हणतात, आपण डबाबंद शिकार म्हणू. शिकारी पैसे मोजतो, सिंहाला पळायला जागा नसते. उरलेली हाडंही वाया जात नाहीत. वाघाच्या हाडांऐवजी ती आग्नेय आशियात औषधासाठी आणि दारूसाठी विकली जातात. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने पाळीव सिंहांचे ८०० सांगाडे निर्यात करायला परवानगी दिली होती. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने असा कोटा बेकायदा ठरवला, कारण तो ठरवताना प्राण्यांच्या हालांचा विचारच झाला नव्हता.

या सगळ्यावर २०१५ मध्ये ‘ब्लड लायन्स’ नावाचा माहितीपट आला. आज त्या देशात ३०० हून अधिक जागी मिळून निदान ८,००० सिंह पिंजऱ्यात आहेत. तिथल्या रानांत आहेत त्यांच्या दुपटीहून जास्त. २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बहुमताने सांगितलं की ही पैदास, हा पिल्लांना हात लावण्याचा खेळ बंद करा, यामुळे देशाचं नाव खराब होतं. मंत्र्यांनी ते मान्य केलं. पण धंदा अजून पुरता बंद झालेला नाही, कारण गिऱ्हाईक अजून येतं. ते गिऱ्हाईक आता आपल्या गल्लीतूनही जातं.

‘पण सर, यामुळे सिंहाची जात टिकते.’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. जात रानामुळे टिकते. एकट्या क्रुगर उद्यानाचं क्षेत्र १९,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे. तिथे सिंह आपापली शिकार करतात आणि हजारो माणसांच्या चुली त्या पर्यटनावर पेटतात. रोजगाराचा मुद्दा काढणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा.

आणि ही फक्त परक्या देशाची गोष्ट समजू नका. आपल्याकडे सर्कसवाल्यांनी आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांची भेसळ केली. त्यातून झालेले संकरित सिंह पंजाबातल्या छतबीरसारख्या प्राणिसंग्रहालयांत वाढले. शेवटी नरांची नसबंदी करून ती पैदास थांबवावी लागली, कारण रानासाठी त्यांचा काहीच उपयोग नव्हता. विष्णुपंत छत्र्यांपासून सर्कशीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मराठी मुलखालाही १९९८ मध्ये केंद्र सरकारचा हुकूम मानावा लागला. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम केला. जे इथे तंबूत पाहायला आपल्याला बंदी आहे, तेच विमानाने जाऊन पैसे देऊन पाहायचं, आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचं?

‘मुलांना प्राण्यांची ओढ लागते’ असंही सांगतात. मी वीस वर्षं मुलांमध्ये आहे. माझ्या वर्गात असद असतात, हैदर असतात, गजनफर असतात. ही तिन्ही नावं सिंहाचीच. पोराचं नाव असद ठेवताना आईबापांच्या मनात बाटलीने दूध पिणारं, नखं काढलेलं जनावर नसतं. सिंह म्हणजे ज्याच्यापासून अंतर राखावं असा जीव, हे नाव ठेवणाऱ्या अडाणी आजीलाही कळतं. मुलाच्या मांडीवर छावा ठेवला की मूल एवढंच शिकतं, पैसे असले की कुणालाही उचलून मांडीवर घेता येतं.

तेव्हा सहल ठरवताना टूरवाल्याला तीन गोष्टी विचारा. तिथे प्राण्याला हात लावू देतात का? वर्षभर लहान पिल्लं असतात का? आणि मोठे झालेले सिंह कुठे जातात? पहिल्या दोनांचं उत्तर ‘हो’ आलं आणि तिसऱ्यावर तो गप्प बसला, तर ते ठिकाण यादीतून काढायला लावा. त्या दिवशी रानात उघड्या गाडीतून फिरा. सिंह दिसला नाही तरी चालेल. पैसे आपले आहेत, त्यातला एक रुपयाही पिल्लाला आईपासून तोडणाऱ्याच्या हातात जाऊ देऊ नका.