गवत नाही ते, आणि प्रत्येक पांढरं फूल काँग्रेसही नाही



आज जरा कडक लिहितोय. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

"तण ते तण, त्याला नाव कशाला?" हे वाक्य पारावर ऐकतो, दुकानाच्या काउंटरवर ऐकतो, शिवारफेरीला आलेल्या साहेबांच्या तोंडूनही ऐकतो. शेतीत इतकं महागात पडणारं दुसरं वाक्य मला माहीत नाही. बियाण्याचं वाण विचारताना आपण पिशवीवरचा आकडा न् आकडा तपासतो. आणि बांधावर पांढरं फूल दिसलं की न बघताच "काँग्रेस आहे, मार फवारा!"

बांधावर पांढरं फूल येणारी तीन झाडं तर नेहमीचीच. गाजरगवत, एकदांडी आणि माका. तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. यांचं एक फूल म्हणजे खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो, म्हणून लांबून सारखी वाटतात. लांबून तर काय, म्हैस आणि रेडाही सारखेच दिसतात. जवळ जाऊन बघायचं असतं.

गाजरगवत. पान गाजरासारखं कातरलेलं. कोवळेपणी पानांचा चक्राकार झुबका जमिनीला चिकटून असतो. मोठं झालं की खोडावर उभ्या रेघा, वर भरपूर फांद्या, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक पांढरी फुलं शेकड्यांनी. पानं खोडावर एकाआड एक.

एकदांडी. काही भागात कंबरमोडी म्हणतात, काही ठिकाणी दगडी पाला. नावातच ओळख आहे. वीतभर लांब दांडी आणि तिच्या टोकाला एकच फूल. मधोमध पिवळं, कडेला पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीचं टोक तीन दातांचं. पानं समोरासमोर, केसाळ, दातेरी. बी पिसासारखं वाऱ्यावर उडतं.

माका. पाटाच्या कडेला, भाताच्या बांधावर, जिथं ओल तिथं. पानं समोरासमोर, लांबट, खरखरीत, जवळजवळ बिनदेठाची. फुलाची दांडी आखूड, मधला भागही पांढुरका, कडेच्या पाकळ्या अगदी बारीक. खात्री करायची असेल तर देठ चुरगळून मिनिटभर थांबा. रस काळपट पडला तर माका.

झालं. एवढंच. यासाठी पदवी लागत नाही, कमरेत वाकायला लागतं.

आता कोणी म्हणेल, ओळखून फायदा काय? तर ऐका.

पहिली गोष्ट, नावच फसवं आहे. गाजर"गवत" हे गवत नाही. ते रुंद पानांचं झाड आहे. सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत "गवतावरचं औषध द्या" म्हटलं की क्विझालोफॉपसारखं औषध हातात पडतं. ते फक्त अरुंद पानांच्या खऱ्या गवतावर चालतं. गवत मरतं आणि गाजरगवताला मोकळं रान मिळतं. मग आपण कंपनीला शिव्या देतो. औषधानं त्याचं काम केलं, आपण झाडाचं नाव चुकवलं.

दुसरी गोष्ट, याच्या उलट. बांधावर नुसती एकदांडी आहे, पण "काँग्रेस वाढलंय" म्हणून 2,4-डी मारलं जातं. वारा शेजारच्या कपाशीकडे. या औषधाची नुसती झुळूक लागली तरी कपाशीची पानं आकसून बोटांसारखी होतात. झाड वाढ धरत नाही. भांडण भावकीत जातं. कशासाठी? ज्या झाडानं पिकाचं काही बिघडवलं नव्हतं त्याच्यासाठी. उलट एकदांडी जवळजवळ बारा महिने फुलते. पिकाला फूल नसतं तेव्हा मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावरच दिसतात.

तिसरी गोष्ट, सूर्यफूल आणि भुईमूगवाल्यांनी नीट वाचा. 2000 साली आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागात भुईमुगावर खोडकुजीसारखा रोग प्रचंड प्रमाणात आला. तो टोबॅको स्ट्रीक विषाणू निघाला. सूर्यफुलावरचा नेक्रोसिसही त्याचाच. गाजरगवत हा विषाणू अंगात बाळगतं आणि वरून हिरवंगार दिसतं. त्याच्या परागकणांतून फुलकिडे तो पिकावर नेतात. म्हणजे गाजरगवत फुलायच्या आधी काढलं तरच उपयोग. उगवल्यापासून महिना-दोन महिन्यांत ते फुलतं, एकेक झाड हजारो बिया टाकतं. फूल आल्यावर ओळखणार असाल तर उशीर झाला. म्हणून पानावरून, त्या जमिनीलगतच्या झुबक्यावरून ओळखायला शिका.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. खुरपणीला येणाऱ्या बायकांचे हात. गाजरगवतानं अंगाला खाज, पुरळ, फोड येतात, काहींना दम्याचा त्रास होतो. ते उपटायचं असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा दिलाच पाहिजे. एकदांडी-माक्याला त्याची गरज नाही. "सगळं एकच" म्हणणारा मालक एक तर कुणालाच मोजे देत नाही, आणि मग दवाखान्याचा खर्च त्या बाईच्या रोजातून जातो. हा हिशोब कुणाच्याच वहीत दिसत नाही.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करतो. उभ्या सोयाबीनमध्ये पहिले महिना-दीड महिना कुठलंच तण नको. तिथं माकाही काढा, एकदांडीही काढा. माझं भांडण बांध, वाट, पडीक रान आणि विहिरीच्या कडेबद्दल आहे. तिथं सरसकट जाळून टाकलं की उघड्या जागेवर सगळ्यात आधी कोण येतं? गाजरगवतच. ज्याला मारायला गेलात त्यालाच जागा करून दिलीत.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हालाही सांगायचंय. पत्रकात "रुंद पानांची तणे" एवढं लिहून मोकळं होऊ नका. गावात जी तीन-चार सारखी दिसणारी झाडं आहेत त्यांची रोपं शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. 1983 साली मेक्सिकोहून गाजरगवत खाणारा भुंगा आणला, पुढच्या वर्षी बंगळूरला सोडला, आज पावसाळ्यात तो आपल्याकडेही दिसतो. तो भुंगासुद्धा पान बघून झाड निवडतो. आपण माणसं असून लांबूनच पंप चालू करतो?

या आठवड्यात एक करा. बांधावरची तिन्ही झाडं उपटून (गाजरगवताला हातमोजे घालून!) ओट्यावर ठेवा आणि घरातल्या पोरांना ओळखायला लावा. कमेंटमध्ये फोटो टाकणार असाल तर नुसत्या फुलाचा नको. पान, पानांची मांडणी आणि दांडी दिसली पाहिजे. तुमच्याकडे त्याला काय नाव आहे तेही लिहा.

आधी नाव, मग औषध.