मंगळाच्या हवेची वही बंद पडू नये

१९७९ साली व्हायकिंग-२ यानाने मंगळावरच्या युटोपिया प्लॅनिशिया या मैदानातून एक फोटो पाठवला. तांबूस दगडांच्या आडोशाला पांढरट थर पसरलेला होता. ते पाण्याच्या बर्फाचं दहिवर होतं. थर कागदाहून पातळ, तरी शंभरेक दिवस टिकलेला. हा फोटो आजही छापला जातो. व्हायकिंग-१ आणि २ यांनी रोजच्या रोज नोंदवलेला हवेचा दाब मात्र कुणाच्या लक्षात नाही.

हा अन्याय आहे. मंगळाची खरी ओळख त्याच आकड्यांनी करून दिली. दक्षिण ध्रुवावर हिवाळा आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठून जमिनीवर बसतो आणि साऱ्या ग्रहावरचा दाब उतरतो. दोन्ही यानं होती उत्तर गोलार्धात, पण दूरच्या त्या गोठण्याची खबर त्यांच्या दाबमापकांना लागत होती. हे कुठल्याच फोटोत दिसलं नसतं.

फोटो कमी मोलाचे, असं मुळीच नाही. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर आपला कॅमेरा सूर्याकडे वळवायचा आणि सूर्य किती मंद दिसतो, त्यावरून हवेतल्या धुळीचं प्रमाण काढलं जायचं. एरवी हा आकडा एकच्या आसपास असे. जून २०१८ मध्ये तो १०.८ वर गेला. भर दिवसा काळोख झाला, सौर पट्ट्यांना ऊन मिळेना. १० जूननंतर रोव्हर बोललाच नाही. नव्वद मंगळदिवसांसाठी गेलेलं हे यंत्र तोवर चौदा वर्षं राबलं होतं. अणुऊर्जेवर चालणारा क्युरिऑसिटी गेल विवरातून त्याच वादळाची मापं घेत राहिला.

अशी ग्रहव्यापी वादळं २००१, २००७ आणि २०१८ साली आली. मधली अंतरं पाहा: सहा वर्षं, मग अकरा. सहा महिन्यांच्या मोहिमेच्या हाती त्यातलं काय लागणार?

आपल्या मंगळयानाने सप्टेंबर २०१४ मध्ये सुमारे ७४,५०० किलोमीटरवरून अख्खा मंगळ टिपला, तेव्हा उत्तरेकडे धुळीचं वादळ उठलेलं दिसलं होतं. इस्रो उद्या मंगळावर यान उतरवेल, तेव्हा त्यात तापमापक, दाबमापक आणि वाऱ्याचा वेग मोजणारं उपकरण असलंच पाहिजे. आणि त्यांच्या नोंदींसाठी निदान दोन मंगळवर्षांची, म्हणजे आपल्या जवळपास चार वर्षांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.