जगाला कळले पाहिजे

परभणीबाहेर बी. रघुनाथांचं नाव काढलं की ‘कोण?’ हा प्रश्न हमखास येतो. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून चाले; हा माणूस बांधकाम खात्यात कारकुनी करी आणि लिही मराठीत. ‘आलाप आणि विलाप’मधल्या कविता, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’ या कादंबऱ्या, शिवाय कथा. १९५३मध्ये अवघ्या चाळिशीत गेले. पुण्या-मुंबईने दखल घेतली, पण हात राखूनच, असं आमचं स्पष्ट मत आहे. वरचं शीर्षकही त्यांच्याच कादंबरीचं!

या अंकात अशाच परभणीकरांवर लेख आहेत. जनाबाई मुद्दाम घेतल्या नाहीत. गंगाखेडच्या या लेकीची ओळख आम्ही काय करून देणार?