चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

१८३९ सालचा डिसेंबर. हॅम्बुर्गच्या वेशीबाहेर हॉर्न नावाच्या खेड्यातील एका घरात गाडीचे जुने चाक आडवे टांगण्यात आले आणि त्याच्या धावेवर चोवीस मेणबत्त्या बसवण्यात आल्या. चार मोठ्या, पांढऱ्या. वीस लहान, तांबड्या. रोज संध्याकाळी एक नवी मेणबत्ती पेटायची. मोठी रविवारी, लहान इतर वारी. चाक पुरते उजळले की नाताळ आला असे समजायचे.

ज्या मुलांसाठी हे चाक टांगले, त्यांना शहराने 'वाया गेलेली' ठरवून टाकले होते. कुणी चोरीत सापडलेले, कुणी भीक मागणारे, कुणी आईबाप असूनही उघड्यावर वाढलेले.

या धाग्यात त्या चाकाची गोष्ट सांगायची आहे आणि तिच्या आधाराने एक मतही मांडायचे आहे. सणाच्या दिवसांत इतरांची काळजी घेणे ही गोष्ट आपण फार स्वस्त करून ठेवली आहे. एक पिशवी धान्य, चार ब्लँकेटे, एक छायाचित्र. ज्या माणसाच्या नावावर हे चाक जमा आहे, त्याचा हिशेब निराळा होता. तो नीट तपासण्यासारखा आहे, आणि त्यातील खोटसुद्धा.

आधी थोडे कालगणनेविषयी. नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी बांधलेल्या काळाला लॅटिनमधील 'अ‍ॅडव्हेंटस', म्हणजे 'आगमन', या शब्दावरून अ‍ॅडव्हेंट म्हणतात, मराठीत आगमनकाळ. ('नाताळ' हा आपला शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला.) आज हा काळ दिव्यांचा आणि खरेदीचा वाटत असला, तरी त्याचे मूळ उपवासाचे आहे. सहाव्या शतकातील गॉल प्रांतात संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातील ठरावीक दिवशी उपवास करण्याचा दंडक होता. थोडे कमी खायचे, थोडे अधिक थांबायचे, आणि वाट पाहायची.

पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान केव्हाही येतो; त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा भरतो, कधी २८. १८३९ मध्ये पहिला रविवार नेमका १ डिसेंबरला आला होता. म्हणून चोवीस. दुसऱ्या एखाद्या वर्षी चाकावरील तांबड्या मेणबत्त्यांची संख्या बदलली असती.

आता माणसाविषयी. योहान हिनरिख विखर्न, जन्म हॅम्बुर्ग, २१ एप्रिल १८०८. वडिलांचे निधन झाले तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता, आणि पाठीमागे आई व धाकटी भावंडे. शिकवण्या करून त्याने घर चालवले. पुढे ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन तो परतला, आणि सांक्ट गेओर्ग या उपनगरातील रविवारच्या शाळेत शिकवू लागला. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जाण्याचा त्या मंडळींचा परिपाठ होता. त्या निमित्ताने विखर्न हॅम्बुर्गच्या गल्लीबोळांत शिरला. एका खोलीत अनेक कुटुंबे, दमट भिंती, कामाला गेलेली किंवा दारूत बुडालेली माणसे, आणि दिवसभर रस्त्यावर असलेली मुले. जे दिसले ते त्याने टिपून ठेवले. आजच्या भाषेत ज्याला क्षेत्रीय पाहणी म्हणतात, ती हीच.

हॅम्बुर्ग तेव्हा श्रीमंत होते. स्वतंत्र नगरराज्य, मोठे बंदर, व्यापाऱ्यांची सत्ता. रात्री शहराच्या वेशी बंद होत आणि उशिरा आत येणाऱ्याला पैसे मोजावे लागत. ही पद्धत १८६० सालच्या अखेरपर्यंत चालू होती. हा तपशील लक्षात ठेवावा.

१२ सप्टेंबर १८३३ रोजी विखर्नने शहरातील प्रतिष्ठितांच्या सभेपुढे आपली योजना मांडली. कार्ल झीव्हकिंग या नगरराज्याच्या अधिकाऱ्याने हॉर्नमधील आपल्या मालकीचे एक घर दिले. लोक त्याला 'राउहेस हाउस', म्हणजे 'खडबडीत घर' म्हणत. बहुधा रुगे नावाच्या जुन्या मालकाच्या नावाचा हा बोलीतून झालेला अपभ्रंश असावा. ३१ ऑक्टोबरला विखर्न आई आणि बहिणीसह तेथे राहायला गेला. वय पंचवीस. वर्ष संपेपर्यंत घरात बारा मुले आली होती.

या घराला तुरुंगासारखी भिंत नव्हती, अडसर नव्हते. जे शहर आपल्या वेशींना रात्री कुलूप लावी, त्याच शहराने चोर म्हणून ओवाळून टाकलेली मुले वेशीबाहेर बिनकुलपाच्या घरात झोपत होती. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाई की मागचे सारे माफ आहे आणि त्याचा उच्चार येथे पुन्हा होणार नाही. मुलांची वाटणी 'कुटुंबां'त केलेली असे. एका कुटुंबात साधारण बारा जण, आणि त्यांच्याबरोबर राहणारा, जेवणारा, झोपणारा एक तरुण 'भाऊ'. मुलांची संख्या वाढली तशी घरे वाढली, आणि ती बांधताना मुलांचेही हात लागले. चांभारकाम, शिवणकाम, सुतारकाम, पुढे छपाई, असे हातात कसब देणारे उद्योग होते.

हे सगळे विखर्नला आकाशातून सुचले नाही. वायमारमध्ये योहानेस फाल्क याने १८१३ पासून युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या मुलांना आसरा दिला होता. त्याच वर्षी त्याची स्वतःची चार मुले साथीत दगावली होती. जर्मनीत नाताळला हमखास गायले जाणारे 'ओ डू फ्र्योलिखे' हे गीत फाल्कचे, आणि ते या अनाथ मुलांसाठी रचलेले.

तुलनेसाठी त्याच काळातील इंग्लंड पाहावे. १८३४ मध्ये तेथे नवा दारिद्र्य कायदा आला. त्यामागचे तत्त्व उघड होते: मदतगृहातील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहूनही कमी प्रतीचे असले पाहिजे, म्हणजे कुणी सुखासुखी मदत मागणार नाही. त्या गृहांत नवरा, बायको, मुले यांना वेगळे केले जाई. भूक भागायची, पण माणसाने लाजत राहावे अशी व्यवस्था होती. डिकन्सने आपली प्रसिद्ध नाताळकथा १८४३ मध्ये लिहिली, ती याच वातावरणात.

या पार्श्वभूमीवर चाकाकडे पुन्हा पाहू. मुले रोज विचारीत, नाताळ कधी, अजून किती दिवस; म्हणून विखर्नने ही युक्ती काढली, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. ती गोड आहे आणि म्हणूनच आपण तिच्यावरून घाईने पुढे जातो. वाट पाहणे ही चैन आहे. ज्याचे उद्या ठरलेले असते, त्यालाच ती परवडते. कालपर्यंत ज्याचा दिवस मिळेल त्या तुकड्यावर आणि चुकवलेल्या शिपायावर ठरत होता, तो पोर आता चोवीस दिवस मोजतो आहे, कारण पंचविसाव्या दिवशीही हेच घर, हीच माणसे आणि हेच ताट असेल याची त्याला खात्री वाटू लागली आहे. ती खात्री चाकाने दिलेली नाही. त्याआधीच्या सहा वर्षांतील रोजच्या भाकरीने, बिनकुलपाच्या दाराने आणि शेजारी झोपणाऱ्या 'भावा'ने दिली आहे. चाकाने ती फक्त मोजून दाखवली.

येथे एक मध्येच टिपणी. अ‍ॅडव्हेंटचे कंकण हे ख्रिस्तपूर्व जर्मनिक टोळ्यांच्या सूर्यचक्राचा अवशेष आहे, असा मजकूर दर डिसेंबरला फिरतो. त्याला भक्कम आधार मिळत नाही. कागदावर पाय ठेवता येतो तो एकोणिसाव्या शतकात, या घरापाशी. प्राचीनतेचा मोह आपल्यालाही कमी नाही. पण दोनशे वर्षांहून लहान गोष्ट काही कमी प्रतीची ठरत नाही.

आणखी एक. हे घर 'विखर्नचे' म्हणून ओळखले जाते, पण ते एकट्याने उभे राहणे शक्यच नव्हते. १८३५ मध्ये त्याचे लग्न अमांडा ब्योमे हिच्याशी झाले. तीही रविवारच्या शाळेतील सहकारी. स्वतःची नऊ मुले आणि शिवाय घरभर दुसऱ्यांची, हा संसार तिने ओढला. विखर्न पुढे सभा, दौरे, लेखन यांत गुंतत गेला, तेव्हा घर घरासारखे ठेवले ते तिने आणि त्या नाव नसलेल्या 'भावां'नी. त्या तरुणांतील बरेच साधे कारागीर होते. त्यांना पद्धतशीर शिकवून तयार करण्याची जी रीत येथे पडली, तिच्यातून जर्मनीतील समाजकार्याच्या प्रशिक्षणाची एक मोठी शाखा वाढली. स्मारके मात्र भाषणे करणाऱ्यांची होतात.

आता खोट. १८४८ च्या आरंभी अपर सिलेशियात दुष्काळ आणि टायफस यांनी हाहाकार माजवला. वस्ती मुख्यतः पोलिश भाषिक, गरीब, जमीनदारांच्या टाचेखालची. तेथे दोन माणसे पोचली. एक विखर्न, आपल्या काही 'भावां'सह, अनाथ झालेल्या मुलांसाठी. दुसरा रुडॉल्फ फिर्खो, सव्वीस वर्षांचा डॉक्टर, प्रशियाच्या सरकारने साथीची पाहणी करायला धाडलेला. फिर्खो सुमारे तीन आठवडे राहिला आणि परतून त्याने असा अहवाल लिहिला की सरकारला तो पचेना. साथीवरचा उपाय त्याने औषधांत सांगितला नाही. लोकशाही, शिक्षण, लोकांच्या स्वतःच्या भाषेतील कारभार, करांचे ओझे गरिबांवरून श्रीमंतांवर वळवणे, हे त्याचे उपाय. मार्चमध्ये तो बर्लिनच्या रस्त्यांवर क्रांतिकारकांच्या बाजूने उभा होता.

विखर्नला क्रांती म्हणजे अधर्माचे फळ वाटे. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला विटेनबर्गच्या परिषदेत त्याने आयत्या वेळी दीर्घ भाषण केले: चर्चने आता आपल्याच देशातील वंचितांकडे वळले पाहिजे, प्रेमही श्रद्धेइतकेच चर्चचे आहे. त्यातून 'अंतर्गत मिशन' नावाची देशव्यापी चळवळ उभी राहिली. शेकडो संस्था, परिचारिका, निवारे. पण मुले रस्त्यावर का येतात, कामगाराला मजुरी किती मिळते, मत देण्याचा हक्क कुणाला आहे, या प्रश्नांशी विखर्नने फारशी झुंज घेतली नाही. त्याच्या लेखी रोगाचे मूळ श्रद्धेच्या ऱ्हासात होते.

याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. १८५७ मध्ये विखर्न प्रशियाच्या सरकारी सेवेत गेला आणि तुरुंगसुधारणेचे काम त्याच्याकडे आले. बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात त्याचे 'भाऊ' पहारेकरी झाले आणि त्याने एकांत कोठडीच्या पद्धतीचा पुरस्कार केला. कैद्याला वाईट संगतीपासून तोडावे, म्हणजे तो अंतर्मुख होईल, अशी त्यामागची धारणा. उदारमतवाद्यांनी त्यावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. ज्याने मुलांना बारा-बाराच्या कुटुंबांत ठेवले, त्यानेच प्रौढांना एकेकट्याला कोंडले. मला वाटते, यात ढोंग नव्हते. अधिक चिंताजनक गोष्ट होती. हॉर्नमध्ये तो मुलांच्या शेजारी राहत होता. मोआबिटमध्ये तो आराखडा आखत होता. अंतर वाढले की करुणेचे रूपांतर व्यवस्थापनात होते, आणि ते होताना करुणा बाळगणाऱ्याला कळतही नाही.

मग विखर्न की फिर्खो? तरुण वाचकांना हा सामना आवडेल हे ठाऊक आहे. माझे मत विचाराल तर सिलेशियाचे निदान फिर्खोचे बरोबर होते, आणि इतिहासाने ते पुरेसे सिद्ध केले आहे. पण ज्या मुलाचे आईबाप त्या आठवड्यात गेले, त्याला तो अहवाल छापून येईपर्यंत थांबता येत नव्हते. रात्र त्याच दिवशी होणार होती. 'व्यवस्था बदलल्याशिवाय काही होणार नाही' असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी विखर्नची पहिली सहा वर्षे पाहावीत. आणि डिसेंबरात ब्लँकेटे वाटून मोकळे होणाऱ्यांनी फिर्खोचा अहवाल.

चाकाचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १८६० च्या सुमारास त्यावर हिरव्या फांद्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. तोवर बर्लिनमध्येही विखर्नची संस्था निघाली होती, आणि ही चाल तेथून पसरत गेली. १९२५ मध्ये कोलोन येथील एका कॅथलिक चर्चमध्ये असे कंकण टांगले गेले. प्रॉटेस्टंट घरात जन्मलेली वस्तू पलीकडच्या अंगणात पोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये छापील अ‍ॅडव्हेंट दिनदर्शिका निघाल्या. आज त्यांच्या खिडक्यांमागे चॉकलेट असते, अत्तर असते, काय वाटेल ते असते.

घरोघरच्या बैठकीत चोवीस मेणबत्त्यांचे चाक मावणारे नव्हते. म्हणून कंकण लहान झाले आणि त्यावर चारच मेणबत्त्या उरल्या, चार रविवारांच्या. राउहेस हाउस आजही हॅम्बुर्गमध्ये समाजकार्याची संस्था म्हणून चालू आहे, आणि जर्मनीत काही ठिकाणी मूळ पद्धतीचे मोठे चाकही टांगले जाते. बाकी जगाने रविवार ठेवले. गळाल्या त्या सोमवार ते शनिवारच्या वीस लहान, तांबड्या मेणबत्त्या.