किल्ली पायपुसण्याखाली!

दाराला भलंमोठं कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, याला काय म्हणाल? आम्ही भावी इंजिनिअर्सनी नेमकं हेच केलं.

फायनल इयरला आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता रक्तदात्यांच्या नोंदींचा. फोन, रक्तगट, पूर्वीचे आजार... लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती. म्हणून डेटाबेस एसक्यूएलसायफरने एन्क्रिप्ट केला. 256 बिटांचं एईएस! शिवाय पासवर्डपासून किल्ली बनवताना 2,56,000 फेऱ्या! आमची कॉलर एकदम ताठ.

डेटाबेस उघडायची कमांड मात्र आम्ही रोज पासवर्डसकट एका ओळीत टाकायचो आणि विंडो तासन्‌तास तशीच चालू. एक दिवस सेकंड इयरचा ज्युनिअर हळूच म्हणाला, "दादा, तुमचा पासवर्ड दिसतोय." हॅकिंग वगैरे काही नाही, पठ्ठ्याने लॅबच्या सर्व्हरवर फक्त 'पीएस' कमांड दिली होती. लिनक्सवर वेगळी बंदी घातली नसेल, तर दुसऱ्याची चालू कमांड आर्ग्युमेंट्ससकट कुणालाही दिसते. शिवाय बॅशच्या हिस्टरी फाइलमध्येही पासवर्ड जाऊन बसला होता, तो वेगळाच!

उपाय तसा सोपा निघाला. पासवर्डची ओळ वेगळ्या फाइलमध्ये टाकली, तिला 600 परवानगी दिली आणि कमांडमध्ये फक्त त्या फाइलचं नाव दिलं. रूट युजरला ती वाचता येतेच, पण अख्ख्या लॅबला तरी नाही. 'रीकी' वापरून पासवर्डही बदलला. तेव्हा लक्षात आलं, की जुने बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतात. मग तेही शोधून पुसले.

आणि पासवर्ड विसरलो तर? इथे 'फरगॉट पासवर्ड'ची लिंक नसते, डेटा कायमचा गेला! म्हणून एक प्रत बंद पाकिटात गाइड सरांकडे ठेवली.

माझं म्हणणं एवढंच, की एईएसच्या 14 राउंड्स आपण परीक्षेसाठी घोकतो, पण किल्ली कुठे ठेवायची हे कुणी विचारत नाही. व्हायवात हा प्रश्न सक्तीचा करा! आमचं थोडक्यात निभावलं, कारण पासवर्ड पाहणारा पोरगा प्रामाणिक होता. पण लोकांचे आजार काही अशा नशिबाच्या भरवशावर ठेवायचे नसतात. पटतंय ना? मग आज लॅबमध्ये गेलात की आधी आपली हिस्टरी उघडून बघा!