दहा खांब, नऊ गाळे

मंठ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बोर्डाची परीक्षा आली की पेपरच्या वेळात केंद्राजवळच्या झेरॉक्सवाल्यांनी शटर ओढायचं, असा हुकूम दरवर्षी निघतो. मला त्याचा राग येत नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मीही पोरांना ‘मायक्रो’ काढून दिलेले आहेत. पानभर मजकूर बोटभर चिठ्ठीत. पोराचं भलं होतंय, असं तेव्हा खरंच वाटायचं. त्यामुळं हा हुकूम माझ्यासारख्यांसाठीच आहे, हे कबूल.

माझं म्हणणं वेगळं आहे. कॉपीमुक्त अभियान फेब्रुवारीत जागं होतं. भरारी पथक येतं, बैठं पथक येतं, कुठं कुठं ड्रोनही फिरतो. पण दिवाळीपासून तिथपर्यंत पोरं एकमेकांना गणित समजावून सांगत असतात, तेव्हा त्यांना बसायला धड जागाही कुणी देत नाही. ती माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसतात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दहावीतली एक मुलगी गणिताची वही घेऊन आली. “काका, अख्खी वही काढा.” वही तिची, झेरॉक्स वर्गातल्या एका पोरासाठी. तो तांड्यावरचा. दिवाळीनंतर आईबापासोबत उसाला गेला आणि सगळं कुटुंब तिकडंच ठेवून एकटा आजीकडं परत आला. मंठा तालुक्यात अशी पोरं दरवर्षी असतात. कोयत्याचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र एकाच वेळी चालतं, आणि हजेरीपटावरच्या रिकाम्या रकान्यांतच अर्धं पुस्तक निघून जातं.

नव्वद पानं काढून दिली. तो बाकड्यावर बसून वाचायला लागला आणि अंकगणिती श्रेढीपाशी अडला. “इथं एनमधून एक काहून वजा केला?”

“सूत्रच तसं आहे,” ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. चाचणीत तिचाही तिथंच गुण गेला होता, हे तिनं नंतर सांगितलं. थोडा विचार करून तिनं विचारलं, “तुमच्या वावराला तारेचं कुंपण हाय ना? दहा खांब रोवले तर मधे गाळे किती?”

“दहा.”

“मोज.”

त्यानं दोन्ही हातांची बोटं पसरून मधल्या जागा मोजायला घेतल्या, अंगठ्याला अंगठा लावून. “नऊ.”

“मग पहिल्या खांबापासून दहाव्यापर्यंत जायला उड्या किती?”

पोरगा हसला. पहिलं पद सात, फरक चारचा, दहावं पद काढायचं होतं. सातात नऊ चोक छत्तीस मिळवून त्रेचाळीस त्यानं स्वतः लिहिलं. नव्वद पानांच्या झेरॉक्समध्ये ते सूत्र कितीतरी ठिकाणी उतरलं होतं. खांब एकाही पानावर नव्हता.

वर्गात सरांनी हे शिकवलं नसेल असं नाही. पण सरांना ते सूत्र वीस वर्षं पाठ आहे. ही मुलगी पंधरा दिवसांपूर्वी त्याच जागी ठेचकाळली होती, म्हणून दगड नेमका कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. शिवाय ‘सूत्रच तसं आहे’ म्हणून तिचंही आजवर भागत होतं. त्याला सांगायची वेळ आली तेव्हा तिला कारण शोधावं लागलं.

मी स्वतः दहावीला गणितात उडालो होतो. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरला व्हायची. पास झालेले मित्र कॉलेजात गेले आणि मी घरी एकटा गाईड घेऊन बसलो. गाईडात उत्तर होतं, पण माझी चूक कुठं होतेय ते सांगणारं कुणी नव्हतं. दोन वाऱ्या केल्या.

काही पालक म्हणतात, “आमच्या पोरीचा वेळ दुसऱ्याच्या अभ्यासात जातो.” बोर्डानं गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली, शेजारचा पास झाल्यानं कुणाच्या पोरीचा नंबर खाली जात नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पोरं चूकही तितक्याच जोमानं शिकवतात. काटकोन त्रिकोणाच्या बाजू सहा आणि आठ, म्हणून कर्ण चौदा, असं एकानं याच बाकड्यावर छातीठोकपणे सांगितलं आणि तिघांनी लिहून घेतलं. कर्ण दहा येतो. म्हणून हाकेच्या अंतरावर एखादे गुरुजी किंवा बाई हव्यातच.

गणिताचा पेपर नीट पाहिला तरी कॉपीपेक्षा समजून घेणंच कामी येतं, हे दिसतं. भाग एक ४० गुणांचा, भाग दोन ४० गुणांचा, प्रत्येकी दोन तास. मागून कुणी कुजबुजलं तर पर्याय निवडायचे चार गुण मिळतील. चौथ्या प्रश्नाचे आठ गुण पायऱ्या लिहिल्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्या पायऱ्या ऐन परीक्षेत कानात सांगता येत नाहीत.

पोरांनी पोरांना शिकवायचं, ही काही बाकड्यावरची गंमत नाही. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथं ‘विषयमित्र’ ही पद्धत आहे. मुलंच एकमेकांना शिकवतात. २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत या शाळेचं नाव झळकलं. ती लहान मुलांची शाळा आहे, मान्य. पण बोटं मोजून नऊ गाळे काढायला दहावीतल्या पोरालाही लाज वाटली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळा सुटल्यावर तासभर एक खोली उघडी ठेवा. दिवा, फळा, खडू आणि पाळीपाळीनं थांबणारे एक शिक्षक. उसावरून परतलेल्या पोरांची यादी करा आणि प्रत्येकाला वर्गातला एक जोडीदार द्या. आणि एसटीचं वेळापत्रक बघा. ती मुलगी त्या दिवशी पुढचं गणित सांगता सांगता उठली, कारण तिच्या गावाची गाडी लागली होती. मुलींसाठी तासाभरानं आणखी एक गाडी सोडा. केंद्रावर जो बंदोबस्त लागतो, त्याच्या मानानं हे काहीच नाही.

तोवर माझ्याकडून जमेल तेवढं चाललंय. मशीनमध्ये वाकडे निघालेले, फिकट आलेले कागद मी पूर्वी रद्दीत टाकायचो. आता पाठकोरे म्हणून बाकड्यावर दगडाखाली ठेवतो, कच्च्या कामासाठी. संध्याकाळी आवरताना बघतो, तर एका बाजूला कुणाचा तरी सातबारा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि मागं दोन वेगळ्या अक्षरांतलं एकच गणित. फेब्रुवारीत हुकूम आला की शटर ओढीन. बाकडं बाहेरच राहील.